आधी ऋतू, मग अंडं

लावा पाळणाऱ्यांचा प्रश्न बहुतेक वेळा एकाच साच्यातला असतो : मादी दोन महिन्यांची झाली, खातेपिते, अंगानं भरली आहे, मग अंडं का घालत नाही? या प्रश्नातला सूर पाहण्यासारखा आहे. मादीनं जणू ठरलेल्या कामात कुचराई केली आहे आणि आता तिला कुणीतरी समजावायला हवं. मग उपाय सुरू होतात. पाण्यात ठेचलेला लसूण, वरून कॅल्शियमचं औषध, पशुखाद्याच्या दुकानातून आणलेलं एखादं टॉनिक, आणि कुणी जाणकार सांगतो म्हणून पिंजऱ्यावर रात्रभर जळणारा बल्ब. यातला शेवटचा उपाय खरोखर लागू पडतो, आणि म्हणूनच त्याच्याबद्दल जास्त विचार करायला हवा. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे : मादीकडे अंडं मागता येत नाही, तिला फक्त ऋतू देता येतो, आणि त्या ऋतूची दवंडी पिटणारा दिवा सगळी तयारी झाल्यावर, सर्वांत शेवटी लावायचा असतो. आपण तो सर्वांत आधी लावतो, कारण तो स्वस्त आहे.

आधी हा पक्षी कोणता ते सांगायला हवं. घरात किंवा शेडमध्ये पाळतात तो जपानी लावा. बाजारात त्याला बटेर म्हणतात. माळावरून चालताना पायाजवळून भुर्रकन उडणारे आपले रानलावे वेगळे, आणि त्यांना पकडून पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. जपानी लावा १९७४ साली कॅलिफोर्नियाहून बरेलीजवळच्या इज्जतनगरला आला आणि पुढे तिथल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनं त्याचे अंड्याचे आणि मांसाचे वाण तयार करून देशभर पोचवले. जपानात मात्र तो शतकानुशतकं पाळला जात होता, आणि तोही अंड्यांसाठी नाही, तर नराच्या आवाजासाठी. इदो काळातले हौशी लोक नक्षीदार पिंजऱ्यांत लावे ठेवत आणि कुणाचा नर सरस ओरडतो याच्या स्पर्धा भरवत. अंड्यांचा धंदा विसाव्या शतकातला. तोयोहाशी हे गाव त्याचं केंद्र बनलं, दुसऱ्या महायुद्धात बहुतेक कळप संपले आणि उरल्यासुरल्या पक्ष्यांतून तो पुन्हा उभा राहिला. जपानी पक्षीशौकिनांची ‘योगाई’ नावाची एक जुनी रीत होती. शरदात दिवस लहान होऊ लागले की गाणाऱ्या पक्ष्याच्या पिंजऱ्यापाशी संध्याकाळनंतर मेणबत्ती तेवत ठेवायची. वसंतात गाणारा तो पक्षी मग भर जानेवारीत गाऊ लागे. आपला बल्ब हा त्या मेणबत्तीचाच वंशज आहे. त्यांना सूर हवा होता, आपल्याला अंडं हवं आहे. दोन्ही एकाच किल्लीनं उघडतं.

ती किल्ली शास्त्रज्ञांच्या हाती लागायला बराच काळ गेला. १९२०च्या दशकात कॅनडातल्या एडमंटनला विल्यम रोवननं उघड्यावरच्या पिंजऱ्यांत, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, जुन्को नावाच्या छोट्या पक्ष्यांना रोज संध्याकाळी थोडा थोडा वाढीव उजेड दिला, आणि बर्फात बसलेल्या त्या पक्ष्यांची जननेंद्रियं वसंतातल्यासारखी वाढली. ऊब नव्हती, नवं गवत नव्हतं, फक्त दिवस लांबला होता. १९३०च्या दशकात फ्रान्समध्ये झाक बन्वा यानं बदकांवर प्रयोग करून दाखवलं की हा उजेड डोळ्यांवाटे यायलाच हवा असंही नाही. पुढे अमेरिकेत मायकेल मेनाकरनं चिमण्यांच्या डोक्याच्या कातडीखाली काळी शाई भरली, तेव्हा उजेडाला मिळणारा प्रतिसाद मंदावला. म्हणजे प्रकाश कवटीतून थेट मेंदूत झिरपत होता आणि मेंदू तो मोजत होता. जपानी लावा या संशोधनाचा लाडका पक्षी ठरला, कारण त्याचा प्रतिसाद आश्चर्य वाटावं इतका झटपट असतो. नागोयाच्या ताकाशी योशिमुरा आणि सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवून दिलं की लहान दिवसांत राहिलेल्या लाव्याला पहिला मोठा दिवस दिला, तर त्या दिवशीच्या पहाटेपासून सुमारे चौदा तासांनी मेंदूच्या तळाशी एक संप्रेरक बनू लागतं आणि तिथून पुढची सगळी साखळी हलते. एक दिवस पुरतो. त्याआधीच्या प्रयोगांत तर असंही दिसलं होतं की दिवस सहा तासांचाच ठेवला, पण रात्रीच्या नेमक्या घटकेला पंधरा मिनिटं उजेड केला, तरी लाव्याचं शरीर त्याला मोठा दिवस समजतं. किती तास उजेड मिळाला याची बेरीज पक्षी करत नाही. पहाटेपासून अमुक तासांनी अजून उजेड आहे का, एवढंच तो पाहतो.

इतक्या क्षीण खुणेवर शरीर एवढा मोठा डाव का लावतं? कारण ती खूण कधी खोटी ठरलेली नाही. पाऊस चकवतो, एखाद्या वर्षी गवत लवकर येतं, किडे भरपूर होतात आणि मग अवचित थंडी पडते. दिवसाची लांबी मात्र पृथ्वीच्या कलण्याशी बांधलेली असते, ती कुणाला फसवत नाही. जपान, कोरिया आणि मांचुरियाच्या गवताळ प्रदेशात लाव्यांच्या ज्या माद्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला, त्यांची पिलं जगली. मेणबत्ती आणि तिच्यामागून बल्ब आला, आणि लाखो वर्षांत पहिल्यांदा दिवसाची लांबी खोटं बोलू लागली. मादीकडे ते खोटं ओळखण्याचं साधन नाही. भूक किंवा भीती तिला थोडंफार आवरू शकते, पण प्रकाशाचा हुकूम एवढा बलवान असतो की बाकीची तयारी अर्धवट असली तरी अंडाशय फुगू लागतं, रक्तात इस्ट्रोजेन चढतं, यकृत बलकाचं साहित्य बनवायला घेतं आणि लांब हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा एक तात्पुरता साठा तयार होतो. अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या माद्यांत होणारी ही खास अस्थी म्हणजे ऐन वेळी मोडायची ठेव. दिवा पेटल्यापासून पहिल्या अंड्यापर्यंत दोन-तीन आठवडे जातात ते या जमवाजमवीत. घाईला आलेला मालक नेमका याच काळात दिव्याचे तास वाढवतो, खाद्य मात्र तेच ठेवतो.

इथे थोडा हिशेब मांडला म्हणजे माझा आग्रह हवेतला वाटणार नाही. लाव्याचं अंडं सुमारे दहा ग्रॅमचं, मादी दीडशे ग्रॅमच्या आसपासची. कोंबडीचं अंडं तिच्या वजनाच्या तीन-चार टक्के असतं, लाव्याचं सात-आठ टक्के. कवच साधारण पाऊण ते एक ग्रॅमचं. त्यात सुमारे तीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम जातं, आणि हे जवळजवळ रोज. मादी दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आसपास खाते. त्या खाद्यात तीन टक्के कॅल्शियम असेल, तर साडेसातशे मिलिग्रॅम पोटात जातं, त्यातलं निम्मं अंगी लागलं तरी कवच निघतं. पण घरगुती पिंजऱ्यात बहुधा काय असतं? बाजरी, राळा, तांदळाची कणी, कधी पोपटांसाठीचं मिश्रण. यात कॅल्शियम नावापुरतं, आणि प्रथिनं दहा-बारा टक्के, तर अंड्यावर आलेल्या मादीला विसेक टक्के लागतात. कोंबड्यांचं लेयर मॅश कॅल्शियमला पुरेसं पडतं, प्रथिनांत मात्र जरा कमी. त्यात भिजवलेली डाळ, उकडलेलं अंडं किंवा सुकटीची भुकटी अशी थोडी भर घातली की भागतं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा, तो का, हेही समजून घेण्यासारखं आहे. लावा बहुधा दुपारी उशिरा किंवा संध्याकाळी अंडं घालतो. पुढचं अंडं कवचाच्या पिशवीत जवळजवळ वीस तास राहतं, म्हणजे कवच घडण्याचा बराच भाग रात्री, पोट रिकामं असताना पार पडतो. जाडसर चुरा पोटात सावकाश विरघळून रात्रभर पुरतो. तो नसेल तर सगळी भरपाई हाडांतून होते. मऊ कवचाचं अंडं, आत अडकलेलं अंडं, पाय ओढत चालणारी मादी : ही त्या भरपाईची बिलं. दिवा लावणाऱ्यानं ती पाहिलेली नसतात, कारण ती महिन्या-दोन महिन्यांनी येतात.

यावर कुणी म्हणेल, की ही रानातल्या पक्ष्याची कथा झाली. पाळीव लाव्याला माणसानं पिढ्यान्‌पिढ्या अंड्यासाठीच निवडलं आहे, त्याला ऋतूचं काय सोयरसुतक? आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धंच. रानातली मादी आठ-दहा अंडी घालते आणि उबवायला बसते. पाळीव मादी सहा-सात आठवड्यांची झाली की सुरू होते आणि वर्षाला अडीचशे-तीनशे अंडी देते. ती क्वचितच खुडूक होते. अंडं घालून निघून जाते, मागे वळूनही पाहत नाही. निवडीनं उबवण्याची ओढ पुसली गेली, तब्येतीची मर्यादा ताणली गेली. पण उजेड मोजणारं घड्याळ तसंच राहिलं. प्रयोगशाळांना हा पक्षी आवडतो तो याच कारणासाठी : पाळीव असूनही त्याला लहान दिवसांत ठेवलं की जननेंद्रियं आकसतात आणि मोठ्या दिवसांत फुलतात. उलट निवडीनं झालं ते हे, की आता एकदा सुरू झालेली मादी रानातल्यासारखी दहाव्या अंड्यावर थांबत नाही. थांबवणारी उबवण गेली आणि सुरू करणारी कळ शाबूत राहिली. पाळीवपणामुळे दिव्याची जबाबदारी कमी झालेली नाही, वाढली आहे.

दुसरा आक्षेप आपल्या मुलखातला आहे, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. हे सगळं एडमंटन आणि नागोयाला ठीक. पुण्या-मुंबईत दिवस कुठे एवढे बदलतात? खरंच, आपल्याकडे सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा. पण लाव्याच्या शरीरात लहान-मोठ्या दिवसाची सीमारेषा नेमकी बारा तासांच्या जवळपास आहे, म्हणून आपल्याकडचा हा छोटासा चढउतारही तिच्या दोन्ही बाजूंना पडतो. कार्तिकात सुस्तावलेली मादी चैत्रात आपोआप अंड्यावर येते, ती याच कारणानं. तिनं बारमाही अंडी द्यावीत म्हणून पोल्ट्रीवाले चौदा ते सोळा तास उजेड ठेवतात. आता फ्लॅटच्या बाल्कनीतला किंवा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातला पिंजरा डोळ्यांसमोर आणा. तिथे ट्यूबलाइट अकरापर्यंत चालू असते, जिन्यातला दिवा रात्रभर, टीव्ही त्याहून उशिरापर्यंत, आणि सकाळी सहाला दुधाच्या वेळी पुन्हा लख्ख. पक्ष्याला मंद उजेडही पुरतो. खाद्य नीट दिसेल इतका उजेड म्हणजे त्याच्या मेंदूला दिवसच. म्हणजे शहरातल्या घरातली बहुतेक मादी आधीच सोळा-सतरा तासांच्या दिवसात राहते आहे. तिच्या पिंजऱ्यावर आणखी बल्ब लावणं म्हणजे उन्हात दिवटी धरणं. ती अंडं घालत नसेल तर कारण उजेडाबाहेर शोधायला हवं, आणि बहुधा ते तिथेच सापडतं.

पहिलं कारण इतकं साधं की सांगायला संकोच वाटावा : ती मादी नसतेच. तपकिरी वाणात तीन आठवड्यांनंतर नराची छाती विटकरी, एकरंगी होते आणि मादीची फिकट, काळ्या ठिपक्यांची. पांढऱ्या वाणांत हा भेद दिसत नाही आणि दुकानदार जोडी म्हणून दोन नर हातात ठेवतो. वयात आलेल्या नराच्या शेपटीखालची गाठ दाबली की पांढरा फेस येतो. तो आला की लसूण आणि टॉनिक बंद करायला हरकत नाही. (नराशिवाय अंडं येत नाही हा समजही सोडून द्यावा; नर लागतो तो अंड्यातून पिलू हवं असेल तर. उलट एका मादीवर एक तापट नर ठेवला तर तिच्या डोक्याची आणि पाठीची पिसं जातात.) दुसरं कारण भीती. लावा जमिनीवरचा पक्षी आहे. दचकला की सरळ वर उसळतो आणि जाळीवर डोकं आपटून घेतो, म्हणून छत बुटकं किंवा कापडाचं हवं. मांजर, कुत्रा, दाराची घंटा, रोज बदलणारी जागा यांतलं काहीही मादीला आठवडाभर मागे ढकलू शकतं. तिसरं कारण ऊन. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला जातो. त्या उकाड्यात पक्षी धापा टाकतो, खाणं टाकतो, आणि धापांमुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून गेल्यानं कवचाला लागणारा कच्चा मालच कमी पडतो. चैत्रात सुरू झालेली मादी वैशाखात थांबली तर तिला औषध नको असतं. ओलं गोणपाट, मातीच्या भांड्यातलं पाणी आणि वारा हवा असतो.

आणि जागा. तारेच्या जाळीवर उभी असलेली मादीही अंडं घालते, त्यामुळे जागेची गोष्ट कुणाला लाडिक वाटेल. पण २०१३ साली स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी एक देखणा प्रयोग प्रसिद्ध केला. लाव्याच्या प्रत्येक मादीच्या अंड्यांवरची नक्षी तिची स्वतःची असते. कुणाची दाट तपकिरी डागांची, कुणाची जवळजवळ कोरी. अंडं घालायला वेगवेगळ्या रंगछटांची वाळू समोर ठेवली तेव्हा माद्यांनी अंडं घालण्यासाठी आपापल्या नक्षीला लपवणारी पार्श्वभूमी निवडली. मागे वळून न पाहणारी, उबवण विसरलेली ही पाळीव मादी, तिलाही आपलं अंडं कसं दिसतं आणि कुठे दिसेनासं होतं याची काहीतरी जाण शिल्लक आहे. तिला वाळूचा एक तगारा, सुकं गवत, पाठीमागे आडोसा दिला तर अंड्यांचा आकडा वाढेलच असं माझं म्हणणं नाही. पण ऋतू म्हणजे काय याची तिची व्याख्या बारा तासांहून मोठी आहे, याचा हा पुरावा मला पुरेसा वाटतो. वाळूत अंग घुसळणारी, एक डोळा मिटून आडवी पडणारी मादी दिसली की तयारी झाली असं समजावं. दिवा लावायचाच असेल तर त्यानंतर. तोही एकदम नव्हे, दर आठवड्याला अर्धा-पाऊण तास वाढवत चौदा तासांपर्यंत, आणि टायमरवर, कारण आज अकराला आणि उद्या नऊला विझणारा दिवा पक्ष्याला काहीच नीट सांगत नाही. रात्रीचे आठ-दहा तास तरी खरा अंधार हवा. चोवीस तासांच्या उजेडानं अंडी वाढत नाहीत. झोपेविना चिडलेले पक्षी मात्र एकमेकांची पिसं उपटू लागतात.

सर्वांत जोरकस आक्षेप व्यवहाराचा आहे. पोल्ट्रीत एवढं तत्त्वज्ञान कुणी करत नाही. सोळा तास दिवे, तारेचे मजले, आणि अंडी रोज येतात. येतात, हे खरंच. पण तिथे दिवा एकटा नसतो. खाद्याची प्रथिनं आणि कॅल्शियम मोजून ठरवलेलं असतं, पंखे-फॉगर असतात, आणि मुख्य म्हणजे वर्षभरानं अंडी घटली की कळप बदलला जातो. हाडांतून काढलेली उचल फेडण्याची वेळ यायच्या आत पक्षी हिशेबाबाहेर गेलेला असतो. ती पद्धत तिच्या जागी सुसंगत आहे, तिच्यावर टीका करण्याचा इथे हेतू नाही. घरी पाळणाऱ्याची अडचण अशी की तो पोल्ट्रीची फक्त एक वस्तू उचलतो, बल्ब, आणि तीच मादी दोन-तीन वर्षं जगावी, तिनं हातावरचे दाणे खावेत अशीही अपेक्षा ठेवतो. दोन्ही हवं असेल तर हिशेब वेगळा मांडावा लागेल.

मग उलट टोकाचा सल्ला येतो : दिवा लावूच नका, निसर्गाच्या मनात असेल तेव्हा घालेल. हा सल्ला मनाला बरा वाटतो, पण घरातली ट्यूब बंद केल्याशिवाय तो पाळताही येत नाही. निसर्गावर सोडायचं तर संध्याकाळी सातला पिंजऱ्यावर जाड कापड टाकावं लागतं, आणि तोही हस्तक्षेपच झाला. शिवाय अंड्याची इच्छा धरण्यात पाप नाही. पुरेसं खाणं मिळणाऱ्या तरुण मादीला अंडं घालण्यानं त्रास होतो असं मानायला आधार नाही. माझा कल मधला आहे. कार्तिकापासून पौषापर्यंत, दिवस आपोआप लहान असतात तेव्हा, टायमर काढून ठेवावा, सातला कापड टाकावं, मादीला पिसं गाळू द्यावीत आणि हाडं भरू द्यावीत. अंडी थांबतील. त्या दोन-तीन महिन्यांत खाद्य मात्र उत्तमच द्यावं, कारण पुढच्या हंगामाची कवचं तेव्हाच जमा होत असतात. संक्रांतीनंतर उजेड हळूहळू वाढवायला लागलं की फाल्गुनात पहिली अंडी येतील. सुरुवातीची एखाद-दोन लहान, बिनडागाची किंवा मऊ कवचाची असली तर घाबरायचं कारण नाही, यंत्रणा पुन्हा सुरू होताना असं होतं. तिसऱ्या-चौथ्या अंड्यापर्यंत नक्षी नीट उमटली नाही, तर दिव्याचे तास तिथेच थांबवावेत आणि आधी खाद्याची गोणी उघडून तिच्यावरचं लेबल वाचावं.